मोटारीतील आसनाच्या सुखावहतेचे मूल्यमापन : खापर परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

अमुक मोटारीचे आसन सुखकर आहे, हे विधान जितक्या सहजतेने केले जाते तितक्या सहजतेने ते सिद्ध करता येत नाही. आसनाची उंची मोजता येते, गादीची ताठरता मोजता येते, आसनावर पोहोचणारे कंपन मोजता येते. परंतु सुखावहता हा आसनाचा गुणधर्म नव्हे. आसन, त्यावर बसणारी व्यक्ती, खालचा रस्ता आणि प्रवासाचा काळ या चौघांच्या संबंधातून ती निर्माण होते. यांपैकी एक घटक बदलला तरी निष्कर्ष बदलू शकतो. म्हणूनच एका ठिकाणी केलेले मूल्यमापन दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. या मुद्द्याचे विवेचन एका विशिष्ट परिसराच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खापर हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या परिसरात रस्त्यांचे दोन अगदी भिन्न प्रकार जवळजवळ आढळतात. एक म्हणजे मालमोटारींची वर्दळ असलेला सपाटीवरील हमरस्ता. दुसरा म्हणजे अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीकडे चढणारा सातपुड्यातील वळणावळणाचा रस्ता. येथील पुष्कळसे प्रवासी एस.टी.ने किंवा भाड्याच्या जीपगाडीने जातात. याचा अर्थ असा की, ज्याने गाडी विकत घेतली तो आणि जो तीत बसतो तो, या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. दुकानात गाडी पाहताना ग्राहक चालकाच्या आसनावर पाच मिनिटे बसून जो कौल देतो, त्यात मागच्या बाकावर दोन तास बसणाऱ्या बाईचा किंवा वृद्धाचा अनुभव कोठेच उमटत नाही. प्रश्नाचे सामाजिक महत्त्व येथे आहे.

२. सुख आणि असुख : दोन वेगळ्या कसोट्या

आरंभीच्या संशोधनात सुख आणि असुख ही एकाच मोजपट्टीची दोन टोके मानली जात. असुख कमी झाले की सुख वाढले, असा हा हिशेब होता. झांग, हेलँडर व ड्रुरी यांनी १९९६ मध्ये बसण्यासंबंधी लोक वापरत असलेल्या वर्णनांचे वर्गीकरण केले, तेव्हा निराळे चित्र दिसले. दुखणे, बधिरता, ताठरपणा, थकवा ही वर्णने एका गटात येतात आणि त्यांचा संबंध शरीरावरील यांत्रिक भाराशी असतो. विसावा, प्रसन्नता, आसनाचे रूप आवडणे ही वर्णने दुसऱ्या गटात येतात. दोन्ही गट परस्परांशी निगडित असले तरी एकरूप नाहीत. असुखाचा अभाव म्हणजे सुख नव्हे; मात्र असुख वाढू लागले की सुखाची जाणीव मागे पडते.

या भेदाचे व्यावहारिक फलित महत्त्वाचे आहे. मऊ गादी आणि गुळगुळीत आच्छादन यांमुळे पहिल्या काही मिनिटांत सुखाची जाणीव होते. असुख मात्र कालांतराने साचत जाते. म्हणून अल्पकाळाच्या परीक्षणात मऊ आसन वरचढ ठरते आणि दीर्घ परीक्षणात तेच मागे पडण्याचा संभव असतो. ज्या परीक्षणात बसण्याचा काळ नमूद केलेला नाही, त्याचा निष्कर्ष अपुरा समजला पाहिजे.

३. शरीरमान आणि बैठक

आसनाच्या रचनेत 'सरासरी मनुष्य' ही कल्पना फार दिशाभूल करते. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ मध्ये अमेरिकी हवाई दलातील ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. निवडलेल्या १० मापांपैकी प्रत्येक माप सरासरीच्या आसपास असलेला एकही वैमानिक त्यांत आढळला नाही. यामुळे मध्यम मापाऐवजी टोकांच्या मापांचा विचार करण्याची पद्धत रूढ झाली. बैठकीची खोली आखूड मांडीच्या व्यक्तीला सोसेल अशी ठेवावी लागते. ती अधिक असली तर गुडघ्यामागे कड रुतते, किंवा ते टाळण्यासाठी पाठीचा आधार सोडून पुढे सरकावे लागते. बैठकीची उंची ठेंगण्या व्यक्तीचे पाय जमिनीला टेकतील इतकीच हवी. उलट, रुंदी मात्र मोठ्या शरीराच्या व्यक्तीवरून ठरवावी लागते.

मोटार-उद्योगात बैठकीतील नितंबसंधीचा बिंदू ठरविण्यासाठी सुमारे ७६ किलोग्रॅम वजनाचा एक प्रमाणित पुतळा वापरतात. त्याचे धड मध्यम बांध्याच्या पाश्चात्त्य पुरुषावर बेतलेले आहे. गाडीची मापे परस्परांशी ताडून पाहण्यास तो उपयोगी आहे. परंतु सातपुड्यातील कमी वजनाच्या स्त्रीच्या भाराखाली तीच गादी किती दबेल, हे तो सांगू शकत नाही. भारतीय शरीरमापांचा संग्रह देबकुमार चक्रवर्ती यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेसाठी तयार केला व तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संग्रहातील पाचव्या आणि पंचाण्णवाव्या शततमकांची मापे घेऊन आसन तपासणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी होय. परंतु देशव्यापी संग्रहावरून एखाद्या विशिष्ट समाजाचे शरीरमान निश्चित होत नाही. ते स्थानिक पातळीवर मोजूनच घ्यावे लागते.

मापांइतकाच बैठकीच्या कोनाचा विचार आवश्यक आहे. स्वीडनमध्ये ऑकेर्ब्लूम यांनी १९४८ मध्ये आणि अमेरिकेत कीगन यांनी १९५३ मध्ये कण्याच्या वक्रतेचा अभ्यास केला. कीगन यांच्या क्ष-किरण चित्रांवरून दिसले की, धड व मांडी यांमधील कोन सुमारे १३५ अंश असताना कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो आणि काटकोनात बसल्यावर तो सपाट होऊ लागतो. मणक्यांमधील चकतीवरील दाबाविषयी मात्र मतभेद राहिले. नाकेमसन यांच्या मापनांवरून आधाराविना बसताना हा दाब उभे राहण्यापेक्षा अधिक असतो, असे मानले गेले. विल्के यांनी १९९९ मध्ये एका व्यक्तीवर केलेल्या मापनात उभे असता ०.५० व आधाराविना बसले असता ०.४६ मेगापास्कल दाब आढळला. तथापि पाठीला टेकू मिळाल्यास कमरेवरील भार हलका होतो, याबद्दल फारसा वाद नाही.

भाड्याच्या जीपगाडीतील गर्दीचा परिणाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मनुष्याचे खांदे सामान्यतः कमरेपेक्षा रुंद असतात. तिघांच्या बाकावर चौथा बसला की कमरा मावतात, पण खांदे मावत नाहीत. म्हणून एकाआड एक प्रवासी पुढे सरकून बसतो. पुढे सरकलेल्याचा पाठीचा टेकू जातो, मांडीचा मागचा भाग कडेवर येतो आणि कमरेचा बाक नाहीसा होतो. आसन तेच असते, परंतु त्या प्रवाशापुरते ते पाठ नसलेले बाक बनते. म्हणून प्रवाशांची प्रत्यक्ष संख्या न सांगता केलेले आसनाचे वर्णन या परिसरात निरर्थक ठरते.

४. रस्ता, कंपन आणि आसन

गादी आणि तिच्यावर बसलेली व्यक्ती मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तुमानासारखी एक प्रणाली तयार होते. मोटारीतील नेहमीच्या फेसगादीवर बसलेल्या व्यक्तीची नैसर्गिक कंप्रता साधारणपणे ४ हर्ट्झच्या आसपास असते. या कंप्रतेचे कंपन खालून आले तर अनुस्पंदनामुळे ते कमी होण्याऐवजी वाढते. नैसर्गिक कंप्रतेच्या सुमारे १.४ पटीहून वरची कंपने मात्र गादी शोषू लागते. दुर्दैवाने बसलेल्या शरीराचे मुख्य अनुस्पंदनही सुमारे ५ हर्ट्झला येते, आणि उभ्या दिशेतील कंपनांना शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या दरम्यान विशेष संवेदनशील असते. आसन जेथे दुबळे, तेथेच शरीरही हळवे, अशी ही स्थिती आहे.

रस्त्यावरील उंचसखलपणा कोणत्या कंप्रतेचे कंपन निर्माण करील, हे गाडीच्या वेगावर अवलंबून असते. वेगाला दोन उंचवट्यांमधील अंतराने भागले की कंप्रता मिळते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर, या वेगाने जाताना २.२ मीटर अंतरावरील उंचवटे सुमारे ५ हर्ट्झचे कंपन उत्पन्न करतात. तोच रस्ता ताशी २० किलोमीटरने ओलांडल्यास कंप्रता निम्म्यावर, म्हणजे सुमारे २.५ हर्ट्झवर येते. चालकाने वेग बदलला की आसनाची परीक्षाच बदलते. यावरून वेग न नोंदविता केलेली तुलना कितपत विश्वसनीय असेल, हे स्पष्ट होते.

कंपनाच्या मापनासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९९७ मध्ये त्याच्या पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती निघाली. त्यानुसार प्रवेगमापकाने मिळालेल्या प्रवेगाला कंप्रतेप्रमाणे कमीअधिक भार देऊन त्याचे वर्गमध्यमूळ काढतात. सार्वजनिक वाहनातील अनुभवासंबंधी या मानकाने दिलेली ढोबळ श्रेणी अशी : ०.३१५ मीटर प्रतिसेकंदवर्गाहून कमी असल्यास असुख नाही, ०.३१५ ते ०.६३ किंचित असुख, ०.५ ते १.० बरेचसे असुख, ०.८ ते १.६ असुख, १.२५ ते २.५ फार असुख, आणि २.० हून अधिक असल्यास अत्यंत असुख. या श्रेणी एकमेकींवर चढलेल्या आहेत, कारण माणसांचे कौल काटेकोर सीमारेषांत बसत नाहीत.

आसनाचे स्वतःचे कर्तृत्व किती, हे जाणण्यासाठी आसनावरील भारित प्रवेगाला त्याच्याखालील तळपाटीवरील भारित प्रवेगाने भागून शंभराने गुणतात. हा अंक १०० हून कमी आला तर आसन कंपन घटविते. अधिक आला तर वाढविते. केवळ हिशेबासाठी दोन उदाहरणे घेऊ. खराब रस्त्यावर तळपाटीचा प्रवेग ०.९० आणि आसनाचा ०.७२ आला, तर गुणोत्तर ८० होते. आसन चांगले आहे, पण प्रवास मात्र 'बरेचसे असुख' या श्रेणीत जातो. चांगल्या रस्त्यावर तळपाटीचा ०.२५ आणि आसनाचा ०.२७५ आला, तर गुणोत्तर ११०. आसन कंपन वाढविते, तरी प्रवाशाला काही जाणवत नाही. आसनाचा दर्जा आणि प्रवासाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते. शिवाय हे गुणोत्तर कंपनातील कंप्रतांच्या मिश्रणावर अवलंबून असल्यामुळे परीक्षणपथावर मिळालेला अंक घाटरस्त्यावर तसाच राहत नाही. पुण्यात १९६६ पासून मोटार-संशोधन संस्था कार्यरत आहे आणि देशात आसनांच्या मजबुतीविषयी मानकेही आहेत. परंतु अपघातात आसन तुटू नये ही अपेक्षा आणि प्रवासात ते सोसवावे ही अपेक्षा, यांची परीक्षा वेगवेगळी असते.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आणखी एक अडचण येते. सलग कंपनापेक्षा अधूनमधून बसणारे तडाखे तेथे अधिक त्रासदायक असतात, आणि वर्गमध्यमूळ काढताना ते सरासरीत बुडून जातात. म्हणून अशा वेळी प्रवेगाच्या चतुर्थघाताची बेरीज करून तिचे चतुर्थमूळ घेण्याची पद्धत मानकाने सुचविली आहे. या मापात प्रवेग दुप्पट होणे हे तोच प्रवेग सोळापट काळ सोसण्याबरोबर ठरते. एका मोठ्या खड्ड्याचे महत्त्व त्यामुळे हिशेबात उतरते.

घाटात उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेचा विचार अधिक करावा लागतो. मागील बाजूस समोरासमोर आडवी बाके असलेल्या गाडीत गतिरोधक दाबला की प्रवासी पुढे नव्हे, तर कडेला ढकलला जातो. त्या दिशेला त्याला पाठीचा टेकू नसतो. पुढे तोंड करून बसलेल्यास जो हिसका पायांनी आवरता येतो, तो आडव्या बाकावरील प्रवाशास शेजाऱ्याच्या खांद्यावर किंवा हाताने धरलेल्या दांडीवर पेलावा लागतो. सेकंदाला अर्ध्या आवर्तनाहूनही मंद अशा हेलकाव्यांनी मळमळ सुटते. बोलभाषेत यालाच गाडी लागणे म्हणतात. हा त्रास गादी बदलून जात नाही, कारण इतकी मंद गती कोणतीही गादी अडवू शकत नाही.

५. दाब आणि उष्णता

बसलेल्या व्यक्तीचा पुष्कळसा भार आसनास्थींच्या दोन टोकांखाली एकवटतो. संवेदकांची चटई पसरून हा दाब बिंदूगणिक मोजता येतो. दे लूझ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वस्तुनिष्ठ मापांपैकी दाबाच्या विभागणीचा लोकांच्या कौलाशी सर्वांत स्पष्ट संबंध दिसला. तरीही दाब समान पसरला की आसन उत्तम, असा सोपा नियम करता येत नाही. फार मऊ गादीत दाब पसरतो खरा, पण शरीर रुतते, बूड बदलणे कठीण होते आणि मांडीच्या कोवळ्या भागावरही भार येतो.

खानदेशातील उन्हाळा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. रेक्झिनच्या आच्छादनातून घामाची वाफ निघून जात नाही. त्यामुळे स्पर्शाच्या जागी त्वचा ओली राहते. आसनावर पंचा किंवा चादर पसरण्याची प्रवाशांची रीत हा या दोषावरील लोकांनी शोधलेला उपायच आहे. हिवाळ्यात घेतलेला कौल म्हणूनच वर्षभराचा कौल मानता येणार नाही.

६. कौल घेण्याची भाषा

यंत्रे काहीही सांगोत, अंतिम साक्ष बसणाऱ्याचीच असते. शॅकेल व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सुखापासून वेदनेपर्यंत चढत्या क्रमाची ११ विधाने असलेली श्रेणी मांडली. कॉर्लेट व बिशप यांनी १९७६ मध्ये शरीराच्या आकृतीवर भाग दाखवून कोठे किती त्रास होतो हे विचारण्याची पद्धत दिली. दोन्ही साधने उपयुक्त आहेत. परंतु त्यांचे केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नाही.

मराठीत अंग अवघडणे, पायाला मुंग्या येणे, कमरेत कळ येणे, मान आखडणे, पाठ भरून येणे या भिन्न अवस्था आहेत आणि बोलणारा त्यांत गल्लत करीत नाही. मुंग्या येणे हे नसा व रक्तप्रवाह यांवरील दाबाचे, तर अवघडणे हे एकाच स्थितीत राहण्याचे लक्षण आहे. दोहोंवरील उपाय वेगळे. गतीच्या बाबतीतही हेलकावा, हादरा, गचका आणि थरथर हे शब्द अनुक्रमे मंद डोलणे, मोठे आंदोलन, एकेरी तडाखा आणि जलद कंपन यांना जवळपास जुळतात. अशी तयार शब्दसंपत्ती असताना 'आपणास कितपत असुविधा वाटते' असा एकच प्रश्न विचारणे म्हणजे माहिती हातची घालविणे होय. त्यातही खापर परिसरात अनेकांची घरची बोली भिली वर्गातील असते, कोणाची अहिराणी, कोणाची गुजराती. प्रश्नावली त्या त्या बोलीतील शब्द आधी गोळा करूनच रचली पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशासाठी शरीराची आकृती व खड्यांची संख्या यांचा उपयोग करता येईल.

शब्दांना निरीक्षणाची जोड द्यावी. ब्रँटन व ग्रेसन यांनी १९६७ मध्ये आगगाडीतील प्रवाशांच्या बसण्याच्या ढबींची नोंद करून आसनांची तुलना केली. प्रवासी किती वेळा बूड बदलतो, पाय वर घेऊन मांडी घालतो, हाताने दांडी धरतो, यांची गणना करता येते. विशेषतः जो पाहुणा किंवा वडीलधाऱ्या माणसांसमोर तक्रार करावयास संकोचतो, त्याच्या बाबतीत ही गणना कौलापेक्षा बोलकी ठरते.

७. परीक्षणाची एक रूपरेषा

वरील विवेचनावरून या परिसरात पदव्युत्तर पातळीवर करता येण्याजोग्या परीक्षणाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. खापर–अक्कलकुवा हा सपाटीचा आणि अक्कलकुवा–मोलगी हा घाटाचा, असे दोन मार्ग घ्यावेत. एकाच गाडीतील पुढील आसन, मधले बाक व मागील बाक अशा तीन जागांची तुलना करावी. तीन जागांचे सहा क्रम होतात. म्हणून सहभागी व्यक्तींची संख्या सहाच्या पटीत ठेवून प्रत्येक क्रम सारख्या संख्येने वापरावा, म्हणजे शेवटी मिळालेल्या जागेवर आधीच्या थकव्याचे खापर फुटणार नाही. चालक, वेग, चाकांतील हवेचा दाब व प्रवाशांची संख्या स्थिर ठेवावी किंवा निदान नोंदवावी. तळपाटी व आसन या दोन्ही ठिकाणी प्रवेगमापक एकाच वेळी चालू असावेत.

कौल चार वेळा घ्यावा : बसण्यापूर्वी, प्रवासात ठराविक अंतराने, उतरताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिला कौल वगळता कामा नये; दिवसभर निंदणी करून आलेल्या व्यक्तीची कंबर गाडीत चढण्यापूर्वीच दुखत असते, आणि तो दोष आसनाच्या माथी मारणे अशास्त्रीय ठरेल. स्त्रिया व वृद्ध यांना वगळून केवळ विद्यार्थ्यांवर परीक्षण करणे सोयीचे असले तरी त्यातून ज्यांचा प्रश्न आहे त्यांचे उत्तर मिळत नाही. गर्भवती व पाठीचे आजारी यांना मात्र मुद्दाम खराब रस्त्यावर बसविणे अनुचित आहे. त्यांच्याबाबत इतरांवरील मापनांतूनच अनुमान करावे. प्रत्येकाची संमती समजेल अशा बोलीत घ्यावी, आणि वाटेल तेव्हा उतरण्याची मुभा असावी.

८. समारोप

आसनाच्या सुखावहतेचे मूल्यमापन म्हणजे एखादा गुणांक काढून मोकळे होणे नव्हे. शरीरमान, बैठक, कंपन, दाब, उष्णता आणि बसणाऱ्याचा शब्द या सहांची साक्ष एकत्र तपासावी लागते, आणि साक्षी विसंगत आल्या तर त्या विसंगतीचे कारण शोधावे लागते. बहुधा तिच्यातूनच नवे ज्ञान निघते. असे परीक्षण झाल्यास त्रासाचा कोणता भाग गादीने, कोणता बाकाच्या दिशेने, कोणता गर्दी कमी करून आणि कोणता केवळ रस्ता दुरुस्त करून दूर होईल, हे वेगवेगळे सांगता येईल. गाडी बनविणारा, गाडी चालविणारा आणि रस्ता राखणारा या तिघांवरील जबाबदारीची वाटणी मोजमापाच्या आधारे करता येणे, हा अशा अभ्यासाचा खरा उपयोग होय. जे प्रवासी आसन निवडू शकत नाहीत, त्यांच्या वतीने बोलण्याचे दुसरे विश्वसनीय साधन नाही.